काल गोळी

डॉ. अंबुजाबाई दुपारी दीड ते अडीच या वेळात फोन करीत. दवाखान्याबाहेरच्या पाटीवर हा तास जेवणाचा म्हणून लिहिलेला होता. प्रत्यक्षात जेवण दहा मिनिटांत उरके. ताकभात आणि लिंबाचं लोणचं, तेही उभ्यानं. मग त्या टेबलाशी बसत, शाळेच्या वहीचं एक पान समोर ओढत आणि फोन लावायला घेत. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी ज्यांच्या औषधात काही बदल केला असेल, त्यांची नावं त्या पानावर असत.

फोन उचलला गेला की त्या नमस्कार म्हणत नसत. बरं वाटतं का, असंही विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच असे.

"काय घेतलं?"

"तुम्ही सांगितलं तेच, डॉक्टरम्मा."

"मी काय सांगितलं?"

पलीकडचा माणूस गोळीचा रंग, तुकडा, वेळ, जेवणाआधी की नंतर हे सगळं सांगेपर्यंत नावापुढे खूण होत नसे. कुणी हसलं तर त्या थांबत आणि हसणं संपल्यावर प्रश्न पुन्हा विचारीत. अडीच वाजता पानावरची सगळी नावं खुणेनं बंद झालेली असत. तेव्हा कुठे त्या खुर्चीला पाठ टेकत.

मी त्या काळात एका इंग्रजी दैनिकाचा वार्ताहर म्हणून कुंभकोणमला तीन वर्षं होतो. धरणाचं पाणी, भाताचे भाव, देवळांतले उत्सव अशा बातम्या पाठवत असे. त्यांच्या दवाखान्याच्या माडीवर भाड्यानं राहायचो. सकाळी वर्तमानपत्रं खालच्या बाकावर येत, म्हणून मीही तिथेच बसत असे. त्यांना मराठी बोलायला माणूस मिळाला आणि मला पंखा.

त्यांचं घराणं मराठे राजांच्या बरोबर तंजावरला आलेलं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असं किती पिढ्या चाललेलं. त्यांची मराठी मला जुन्या कागदांतून उठून आल्यासारखी वाटे. सगळं म्हणायचं तर त्या 'अस्कं' म्हणत, नकोला 'नोको'. वाक्याच्या शेवटी तमिळ 'मा' किंवा 'सरी', म्हणजे ठीक, चिकटलेलं असे. मी असे शब्द वहीत उतरवून ठेवी. त्याचं त्यांना हसू येई. "आमची मराठी गंजली म्हणूनशान लिहितां काय?" असं एकदा विचारलं होतं.

वय एकसष्ट. अंगानं काटकुळ्या, साडी सुती आणि कडक इस्त्रीची. त्यांच्या सवयींची गावात थट्टा होई. दवाखाना बंद करताना कुलूप लावलं की त्या मोठ्यानं "पूट्टियाच्चु" म्हणत, म्हणजे लावलं. गॅस बंद केला की तेही मोठ्यानं. इंजेक्शनच्या बाटलीवरचं नाव वाचायचं तर तेही मोठ्यानं, समोर रोगी असो वा नसो.

"हातांचा भरोसा नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. "हात आपले आपण कामं करितात आणि सांगत नाहींत. म्हणून कान साक्षीला ठेवायचा."

कानावर त्यांचा इतका विश्वास होता, हे लक्षात ठेवायला हवं.

त्यांचे भागीदार डॉ. शेखर संध्याकाळी पाच ते साडेआठ बसत. वय अठ्ठेचाळीस, तमिळ, अंगानं भरलेले, आवाज मोठा. अंबुजाबाई सकाळभरात जेवढे रोगी तपासत त्याच्या दुप्पट ते साडेतीन तासांत तपासत. बाहेर येणारा प्रत्येक जण हसतच येई. घरी गेल्यावर जेवून दहाव्या मिनिटाला घोरायला लागतात, असं त्यांची बायको सांगे. ते अंबुजाबाईंना अक्का म्हणत आणि मान ठेवून टोमणे मारत.

"अक्का, रोगी दवाखान्यातून घरी जातो. तुम्ही त्याच्यामागून कशाला जाता?"

"तूं जात नाहींस म्हणून," अंबुजाबाई म्हणत. हा संवाद आठवड्यातून एकदा तरी होई आणि दोघांनाही त्याचा राग येत नसे.

पहिल्या वर्षी एका वैद्यकीय महाविद्यालयाची विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन आली होती. डॉक्टरांचा स्वभाव, कामाचा ताण आणि कामातलं समाधान यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, असा तिचा विषय. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे आणि आपल्याला लागू पडेल त्याला गोल करायचा. डॉ. शेखर यांनी उभ्या उभ्या दोन मिनिटांत कागद भरला. 'मी माझ्या कामाबद्दल समाधानी आहे' यापुढे पाचाला गोल आणि शेजारी एक हसरा चेहरा.

अंबुजाबाईंना त्याला पाऊण तास लागला. 'मी सहज घाबरते' या वाक्याशी त्या अडल्या.

"सहज म्हणजे काय?" त्यांनी तिला विचारलं. "मी कष्टानं घाबरतें. रोज दीड ते अडीच."

मुलगी गोंधळली. स्वभावानं चिंता करणाऱ्या डॉक्टरांना ताण जास्त होतो आणि समाधान कमी मिळतं असं मानतात, ते इथे खरं ठरतं का हे आपल्याला पाहायचं आहे, असं तिनं समजावलं.

"म्हणजे भित्र्यानं डॉक्टर होऊं नये?"

"तसं नाही, मॅडम. आम्ही फक्त मोजतो."

"मोजा. पण लिहून घ्या, भीती म्हणजे मजपाशी असलेली दुसरी नर्स आहे. तिला पगार लागत नाहीं, पण ती रजाही घेत नाहीं."

समाधानाच्या वाक्यापुढे त्यांनी कुठल्याच आकड्याला गोल केला नाही. बाजूला इंग्रजीत लिहिलं, 'दुपारी अडीचनंतर विचारा.' मुलगी दोन्ही कागद पुढच्या फेरीत नेईन म्हणाली आणि पुन्हा आली नाही. कागद नर्स मल्लिकाच्या खणात पडून राहिले.

या भीतीची किंमत घरचे देत. भाचीच्या लग्नात, तिरुनीलक्कुडीला, पंगतीत पान वाढलेलं असताना अंबुजाबाई उठल्या. दोन दिवसांपूर्वी स्वामीमलैच्या एका मूर्तिकाराचा भाजलेला हात त्यांनी पाहिला होता. त्याला एक औषध सोसत नाही हे त्याच्या कागदावर लिहिलं की नाही, याची शंका पहिल्या घासाला आली. त्याचा फोन लागेना. दोन बस बदलून त्या स्वामीमलैला गेल्या. भट्टीजवळ तो माणूस डाव्या हातानं मेण थापत बसला होता. त्यानं कागद काढून दाखवला. लिहिलेलं होतं, लाल शाईत, दोनदा.

"डॉक्टरम्मा, तिसऱ्यांदा लिहायला आलात काय?" त्यानं विचारलं.

त्या परत पोचल्या तेव्हा मांडव आवरत होते. भाऊ आठवडाभर बोलला नाही. मी त्यांना विचारलं, की एवढं करून सगळं बरोबरच निघालं, मग सुटल्यासारखं वाटलं का?

"नाहीं," त्या म्हणाल्या. "या खेपेस बरोबर होतं, एवढंच."

कावेरीबाईंची गोष्ट तिसऱ्या वर्षीची.

कावेरीबाई शहात्तर वर्षांच्या होत्या. विठोबाच्या भजनमठाला लागून असलेल्या एका अरुंद घरात एकट्या राहत. दर एकादशीच्या भजनात कोणतं पद कोणानंतर, हे त्यांच्या तोंडपाठ असे आणि त्यात चूक करणाऱ्याला त्या टाळ खाली ठेवून सुनावत. मुलगा रघुनाथ चेन्नईत नोकरीला. आईनं एकटं राहू नये असं त्याचं दोन वर्षांपासून म्हणणं होतं. एकदा दुधाचं पातेलं गॅसवर करपलं, तेव्हापासून ते म्हणणं वाढलं होतं.

हृदयाचे ठोके अनियमित म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. रोज एक. एका मंगळवारी तपासणीत रक्त वाजवीपेक्षा फार पातळ झाल्याचं दिसलं. अंबुजाबाईंनी गोळी एकावरून पाव भागावर आणायची ठरवली. मी नेहमीप्रमाणे बाकावर होतो आणि दार उघडं होतं.

"कावेरीबाई, ऐका. आतां काल गोळीच घ्या. जास्त नोको. सोमवारीं परत रक्त पाहूं. काय सांगितलं मी?"

"काल गोळीच. जास्त नोको. सोमवारीं यायचं."

"सरी."

बुधवारी दुपारी कावेरीबाईंचं नाव पानावर होतं. ते बोलणंही मी ऐकलं, कारण फोनचा आवाज त्या नेहमी मोठा ठेवीत.

"काय घेतलं?"

"काल गोळी. गुलाबी. रात्रीं, जेवल्यावर."

"पक्कं?"

"पक्कं, मा. मज काय म्हातारचळ लागलाय?"

नावापुढे खूण झाली.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास शेजारणीला कावेरीबाई न्हाणीच्या दगडाशेजारी बसलेल्या आढळल्या. हिरड्यांतून रक्त येत होतं, पदर भिजला होता आणि उठायचं त्राण नव्हतं. पोटातही रक्तस्राव झाला होता. अंबुजाबाईंनी तपासलं, स्वतः रुग्णवाहिकेत बसून त्यांना तंजावरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. रक्त चढवावं लागलं. दोन दिवस काहीच सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी धोका टळला.

गोळ्यांचं पाकीट शेजारणीनं आणून दिलं होतं. चार दिवसांत पाव-पाव करून त्यातली एकच गोळी संपायला हवी होती, पण चार संपल्या होत्या. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत रोज एक अख्खी गोळी गेली होती.

मंगळवारी रघुनाथ दवाखान्यात आला. चाळिशीचा, सभ्य, दमलेला. तो भांडायला आलेला नव्हता. माफी मागायला आला होता.

"डॉक्टरम्मा, तुमच्या कागदावर पाव स्पष्ट लिहिलंय. घरात गोळ्या होत्या, म्हणून औषधाच्या दुकानात कोणी गेलंच नाही आणि कागद पिशवीत घडी करून तसाच राहिला. अम्मा आता वेगळंच बोलतेय. म्हणते, तुम्हीच सांगितलं कालचीच गोळी घ्या. मी म्हटलं, रक्त इतकं पातळ झाल्यावर कोणता डॉक्टर असं सांगेल?"

"ती असं म्हणाली?"

"पहिले दोन दिवस म्हणत होती. मी समजावलं. काल रात्रीपासून म्हणते, कदाचित मींच विसरलें. शुक्रवारी इस्पितळातून सोडतील. थेट चेन्नईला नेतो. तिथे वृद्धांचं एक घर पाहिलंय, नर्स हातानं गोळ्या देतात. इथलं घर बंद करतो. तुमचे खूप उपकार आहेत."

तो गेला. अंबुजाबाई वहीची मागची पानं काढून बसल्या. बुधवारच्या पानावर कावेरीबाईंचं नाव होतं, खूण होती.

"मी विचारलं," त्या म्हणाल्या. "दोनदां विचारलं. दोन्ही वेळां बरोबर सांगितलं. विसरली असती तर बरोबर कसं सांगितलं असतं?"

मी वर गेलो आणि माझी वही घेऊन खाली आलो. मंगळवारच्या पानावर, धरणाच्या पाणीपातळीच्या आकड्यांखाली, मी त्यांचा एक शब्दप्रयोग टिपला होता. तो त्यांना वाचून दाखवला.

'काल गोळी = कालची गोळी. विभक्ती गळली आहे. जुना प्रयोग?'

त्यांना कळायला दोन-तीन सेकंद लागली असतील. तमिळमध्ये पावाला 'काल्' म्हणतात. दिवसभर तमिळमध्ये औषधं सांगणाऱ्या डॉक्टरच्या मराठी वाक्यात तो शब्द आपसूक येऊन बसला होता. ऐकणारीनं मराठी वाक्य मराठीतच ऐकलं. कालचीच गोळी घ्या, जास्त म्हणजे नवीन काही नको. मीही तेच ऐकलं होतं. बाकावर बसून मजेत टिपूनही घेतलं होतं.

"काल गोळी," अंबुजाबाई हळू म्हणाल्या. मग पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणताना ओठ हलले, आवाज आला नाही. जो प्रश्न विचारून त्या तीस वर्षं माणसं वाचवत आल्या होत्या, त्याचं उत्तर बरोबर आलं होतं आणि ते चूक होतं. कानानं खोटी साक्ष दिली होती.

पाच वाजता डॉ. शेखर आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. मी आतच होतो. तमिळमधलं ते बोलणं असं झालं.

"अक्का, कागदावर काय आहे?"

"पाव."

"मग विषय संपला."

"ती विसरली नाहीं, शेखर. मी सांगितलं तेच तिनं केलं."

"तुम्ही चूक सांगितलं नाही. तिनं चूक ऐकलं. मुलाची तक्रार नाही. बाई जगली आहे. आता तुम्ही जाऊन सांगणार, माझ्या तोंडच्या शब्दानं तुमची आई मरायला टेकली. उद्या हे गावभर होईल. तो तक्रार करील. पाटीवर तुमच्या नावाखाली माझंही नाव आहे."

"शुक्रवारी तो तिचं घर बंद करतोय."

"चेन्नईला तिची काळजी जास्त चांगली घेतील."

"वेडी म्हणून घेतील," अंबुजाबाई म्हणाल्या. "काल रात्रीपासून ती स्वतःच म्हणायला लागलीय, मींच विसरलें. आणखी चार दिवसांनी तिला तसंच आठवायला लागेल."

मग शेखर यांनी जे म्हटलं ते चिडून नव्हे, काळजीनंच म्हटलं. "अक्का, तुमचा स्वभाव या धंद्याचा नाही. कधीच नव्हता. तीस वर्षं तुम्ही स्वतःला सोलून घेतलंत आणि शेवटी त्यानंही चूक टळली नाही. आता तरी पुरे करा."



बुधवारी सकाळी त्या तंजावरला गेल्या. माझी वही मागून घेतली. मीही बरोबर गेलो, कारण ओळ माझ्या अक्षरात होती. खाटेवर कावेरीबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. रघुनाथ खिडकीशी उभा होता. अंबुजाबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच, कुठेही न थांबता, काय म्हणाल्या आणि ते काय ऐकू आलं हे त्यांनी सांगितलं. वही उघडून त्याच्या हातात दिली. शेवटी म्हणाल्या, "तुमची अम्मा विसरली नाहीं. चूक माझ्या तोंडची आहे. तिच्या डोक्याची नव्हे."

रघुनाथनं ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"म्हणजे मी तीन दिवस आईला खोटी पाडत होतो," तो म्हणाला. "आणि तुम्हाला हात जोडत होतो."

"होय."

"यापुढे तिच्या औषधाला तुम्ही हात लावू नका. तक्रार करायची की नाही ते मी ठरवीन."

"ठरवा."

भिंतीकडे तोंड केलेल्या कावेरीबाई बोलल्या. आवाज अगदी बारीक होता, पण तोच भजनात चुकलेल्याला सुनावणारा. "रघू, मी काय म्हणालें होतें?"

त्यानं वही मिटली.

"काय म्हणालें होतें मी? सांग की."

"कालचीच गोळी, असं डॉक्टरम्मा म्हणाल्या," तो म्हणाला.

"मग?"

बसमध्ये अंबुजाबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. पापनाशम गेल्यावर म्हणाल्या, "उद्यांपासून शेखरला सकाळींही बसायला सांगतें." दुसऱ्या दिवशी पाटीवरच्या त्यांच्या नावाला मल्लिकानं पांढरा कागद चिकटवला.

त्या अकरा दिवस दवाखान्यात आल्या नाहीत. दुपारी दीड वाजता खालून आवाज येत नसे, त्याची सवय व्हायला मला वेळ लागला. घरी गेलो तर त्या दारातूनच बोलत. तक्रारीचं पत्र आलं का, हे एकदाही विचारलं नाही. "शेखर लोकांना नीट विचारतो काय?" एवढंच विचारीत.

शेखर काहीच विचारत नव्हते. पण अंबुजाबाईंचे रोगी त्यांना सोडत नव्हते. औषध लिहून झालं तरी ते उठत नसत. वर्षानुवर्षांच्या सवयीनं हात जोडून सांगायला लागत, "डॉक्टरय्या, आता मी सांगतो काय काय घ्यायचं ते." पहिल्या दिवशी शेखर हसले. दुसऱ्या दिवशी एका शिक्षकानं मधुमेहाची गोळी आणि रक्तदाबाची गोळी उलटीपालटी सांगितली. त्याच सकाळी एका बाईनं दिवसातून तीनदाचं औषध तीन दिवसांतून एकदा सांगितलं. शेखर यांनी दोघांनाही समजावून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी ते मोठ्यानं बोलेनासे झाले. संध्याकाळचे रोगी त्यांचे स्वतःचे. ते काही न सांगता हसत उठून जात. चौथ्या दिवशी शेखर यांनी त्यातल्या एकाला दारातून परत बोलावलं.

"मी काय सांगितलं?"

तो माणूस ओशाळून हसला. त्याला काहीच आठवत नव्हतं.

आठवडा उलटल्यावर एका सकाळी शेखर मल्लिकाच्या खणातून स्वतः भरलेला तो जुना प्रश्नावलीचा कागद काढून पाहत होते. मी आत आलो तसा त्यांनी तो घडी करून खिशात घातला. डोळे लाल होते. त्यांच्या बायकोनं मल्लिकाला फोन करून विचारलं होतं, की ह्यांना झोप का लागत नाही?

त्याच दुपारी ते अंबुजाबाईंकडे गेले. मला निरोप होता म्हणून मीही तिथे होतो. पितळी पेल्यात कॉफी आली, ती त्यांनी घेतली नाही.

"अक्का, हे सगळे आधीही असंच चुकत असतील."

"असतील."

"वीस वर्षं. माझ्याकडचे. मला कळलंच नाही."

"तूं विचारलं नाहींस."

"आता विचारतोय, तर छातीत धडधडतं. तुम्ही हे रोज कसं करत होता?"

"दीड ते अडीच," अंबुजाबाई म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या. "एक तास ठरवून घाबरायचं. बाकीच्या वेळां काम करायचं. तूं दिवसभर घाबरतोस, म्हणून झोप नाहीं."

"परत या."

"माझा प्रश्नच चुकीचा निघाला, शेखर. कोणत्या तोंडानं विचारूं?"

"मग दुसरा शोधा," शेखर म्हणाले. "पण या. मला एकट्याला जमायचं नाही. माझा स्वभाव या धंद्याचा नाही."

आपण हे वाक्य आधी कुणाला म्हटलं होतं, हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. अंबुजाबाईंनी त्यांची गार झालेली कॉफी त्यांच्याकडे सरकवली.

बाराव्या दिवशी त्या आल्या. पाटीवरचा कागद नखानं काढताना "काढला" असं मोठ्यानं म्हणाल्या. बाकावर पहिल्याच कावेरीबाई बसलेल्या होत्या. वाळलेल्या, पण ताठ. रघुनाथ त्यांच्यावाचूनच चेन्नईला गेला होता. तक्रार त्यानं केली नव्हती, करणार नाही असंही सांगितलं नव्हतं. आईनं शेखर यांच्याकडून औषध घ्यावं एवढी अट घालून गेला होता.

"मी शेखरकडेच आलेंय," कावेरीबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे नुसती बसायला."

"बसा."

"तें 'काल' पुन्हा म्हणूं नका."

"नाहीं म्हणत."

त्या दिवसापासून प्रश्न बदलला. काय सांगितलं, हे त्या विचारीनाशा झाल्या. टेबलावर स्टीलचं एक झाकण आलं. रोग्यानं पाकिटातली गोळी काढायची, त्यांच्यासमोर तोडायची, आज पोटात जाणारा तुकडा झाकणात ठेवायचा. त्या तुकड्याकडे पाहत, माणसाकडे नाही. फोनवरचा प्रश्नही बदलला. "उरलेली कुठें आहे?" लोकांना आधी तो कळत नसे. शेखर संध्याकाळी तेच झाकण वापरत. त्यांचे रोगी आता निम्मे झाले होते आणि बाहेर येताना हसत नसत.

महिन्याभरानं माझी बदली पुण्याला झाली. निघायच्या सकाळी गर्दी होती. मी सामान रिक्षात ठेवून दारातून पाहिलं. एक शेतकरी नख लावून गोळी तोडायचा प्रयत्न करत होता, ती सारखी निसटत होती आणि अंबुजाबाई झाकणावर डोळे लावून बसल्या होत्या. हाक मारली असती तर त्यांनी वर पाहिलं असतं. मी मारली नाही.

गाडी विळुपुरमच्या पुढे गेली असेल, तेव्हा फोन वाजला. एक चाळीस. आदल्याच दिवशी त्यांनी माझी रक्तदाबाची गोळी आजपासून अर्ध्यावर आणली होती, हे तेव्हा आठवलं.

"काय घेतलं विचारीत नाहीं," त्या म्हणाल्या. "उरलेली कुठें आहे?"

"अर्धीच घेतली," मी सांगितलं. सकाळी कुलूप, किल्ली, रिक्षा यांच्या गडबडीत घेतली होती, ते मला स्पष्ट आठवत होतं.

"तें नव्हे. उरलेली."

मी खिशातून पाकीट काढलं. एक घर रिकामं होतं. बाकीच्या गोळ्या अख्ख्या होत्या. खिसा उलटा केला, पिशवीचा तळ चाचपला. अर्धा तुकडा कुठेच नव्हता.

"थांबा," मी म्हणालो.

"थांबलें आहें," त्या म्हणाल्या.